वहिनीचा ब्रेक

सकाळी चौकात नवा फ्लेक्स दिसला. कुठल्याशा महामंडळाच्या अध्यक्षपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, आणि खाली नावापेक्षा मोठ्या अक्षरांत 'राज्यमंत्री दर्जा'. शुभेच्छुकांचे बावीस फोटो. मोजले मी, सिग्नल लांबला होता.

आणि नेमका आज आमच्या वहिनीचा ब्रेक.

वहिनी ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवस खंड, परत ऑर्डर. २०११ पासून हेच. त्या एका दिवशी सरकारलेखी ती कुणीच नसते, दुसऱ्या दिवशी सेवा पुन्हा शून्यापासून. घरात आम्ही ब्रेकला तिचा वाढदिवस म्हणतो, दर वेळी नवा जन्म म्हणून. आज मात्र त्या फ्लेक्सनंतर डोकंच फिरलं.

मंत्री किती करायचे याला कायदा आहे. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात कल्याणसिंगांनी ९३ जणांचं मंत्रिमंडळ केलं होतं! मग २००३ मध्ये ९१ वी घटनादुरुस्ती आली. विधानसभेच्या १५ टक्के, बस्स. आपले आमदार २८८, म्हणजे मंत्री ४३. मग चव्वेचाळिसावा रुसला की काय करायचं? द्या महामंडळ, द्या दर्जा, द्या गाडी. गोव्यात संसदीय सचिव नेमून त्यांना मंत्र्यांचा दर्जा दिला होता, २००९ मध्ये हायकोर्टाने त्या नेमणुका उडवल्या. तरी 'दर्जा' हा शब्द काही मरत नाही.

बरं, सगळेच अध्यक्ष रिकामटेकडे नसतात. करतात म्हणे एकदोघं काम.

वहिनीने मागे एकदा कायम करा म्हणून अर्ज दिला होता. साहेब म्हणाले, "उमादेवी आडवी येते." घरी आल्यावर तिने मला विचारलं, "भावजी, ह्या उमादेवी मॅडम कुठल्या ऑफिसात बसतात?" मी हसलो, आता लाज वाटते. सुप्रीम कोर्टाचा २००६ चा निकाल तो. रीतसर भरती न होता लागलेल्यांना नोकरीत कायम होण्याचा हक्क नाही. आता हे नसतं तर प्रत्येक पुढाऱ्याचा भाचा कुठे ना कुठे चिकटला असता, तेही खरंच. पण आमची वहिनी भाची नव्हती हो कुणाची! जाहिरात वाचून अर्ज केला, मुलाखत दिली, यादीत दुसरी आली. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच कोर्टाने खडसावलं की वर्षानुवर्षं राबलेल्यांच्या विरोधात उमादेवीचं हत्यार करू नका. साहेबांच्या टेबलापर्यंत ते अजून यायचंय.

वरच्यांसाठी कायद्याला खिडक्या. खालच्यांसाठी कडी.

जाऊ द्या. दुपारी वहिनीला फोन केला तर ती लॅबमध्येच. ब्रेकच्या दिवशी! डेंग्यूच्या संशयाचा एक पोरगा आलेला, प्लेटलेट बघायच्या होत्या. "मस्टरवर सही नाही केली, तेवढं कळतं मला," म्हणाली.

उद्याच्या करारनाम्याला बॉन्ड लागतो, तोही स्वखर्चाने. पूर्वी १०० चा चालायचा, आता ५०० चा. स्टॅम्प वेंडर पाचला दुकान आवरतो म्हणून मी आधीच जाऊन रांग धरली. पावणेपाचला वहिनी धावत आली, बोटांना ग्लोव्हजची पावडर तशीच. वेंडरने मान वर केली, "झालं का वर्ष?" म्हणाला, आणि न विचारता तिचं नाव लिहायला घेतलं. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट.