एका ओळीच्या कोडने वेबसाइट सुलभ होत नाही

‘वेबसाइटवर ही एक ओळ टाका. साइट दिव्यांगांसाठी शंभर टक्के सुलभ, वेगावर परिणाम शून्य, कायद्याची कटकट मिटली.’ हा फॉरवर्ड आता मामांच्या वाचनालयापर्यंत पोचलाय आणि ते त्या ओळीने साइटवर येणाऱ्या विजेटचे, म्हणजे सुलभतेची बटणं देणाऱ्या तयार साधनाचे, वर्षाचे पैसे भरायला निघालेत. म्हणून हे लिहावं लागतंय.

‘शंभर टक्के सुलभ’ हाच सगळ्यात घातक दावा. वाचनालयाची प्रत्येक सूचना म्हणजे कागदाचा मोबाइलने काढलेला फोटो. स्क्रीन रीडरला, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, त्यात थेट वाचता येणारी अक्षरं सापडत नाहीत. विजेट बहुतेकदा ‘मजकूर असलेला कागद’ एवढंच सांगेल. वर्गणीची शेवटची तारीख खात्रीने कळायची तर सूचना युनिकोडमध्ये (अक्षरांच्या सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत) टाइप करूनच टाकायला हवी. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दिसतो मराठी, पण ऐकू येतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तोही आधी बदलून घ्या. सभासद अर्जात रकान्याच्या आत फिकट ‘नाव’ लिहून भागत नाही, टाइप करायला लागलं की ते गायब होतं. प्रत्येक रकान्याला कोडमध्ये लेबल द्या; लेबलमधला ‘फॉर’ आणि रकान्याचा ‘आयडी’ तंतोतंत जुळला पाहिजे. आणि तयार टेम्प्लेटमध्ये पानाची भाषा इंग्रजीच राहून जाते. पानाच्या कोडच्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये ‘लँग’ला ‘एमआर’ (मराठीची खूण) द्या, नाहीतर इंग्रजी आवाज मराठी वाचायला बसतो आणि काही कळत नाही.

विजेटमधलं अक्षर मोठं करायचं बटण काहींच्या कामाला येतं, हे मान्य. पण ती सोय ब्राउझरमध्ये आधीपासून आहे: कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह.

वेगाचा दावाही खोटा. दुसऱ्याच्या सर्व्हरवरची विजेटची स्क्रिप्ट (कोड) उतरवून चालवायला फोनला वेळ लागतोच. खरं ओझं मात्र त्या फोटोंचं आहे. एक फोटो तीन-चार एमबीचा. तीच हजार अक्षरांची सूचना टाइप केली तर जेमतेम तीन केबी.

राहिला कायदा. आपल्याकडे २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि विजेट लावलं की त्यातून सुटका, असं त्यात कुठेही नाही. अमेरिकेत तर असंच विजेट विकणाऱ्या ॲक्सेसिबी कंपनीने ‘आमचं साधन कुठलीही साइट सुलभतेच्या निकषांत बसवतं’ असा दावा केला होता. तो दिशाभूल करणारा ठरवून फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या ग्राहक संरक्षण पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २०२५ मध्ये कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले.

विक्रेता तरीही अडून बसला, तर पैसे देण्याआधी त्याच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर घालायला सांगा, तो फुकट मिळतो. मग माउस बाजूला ठेवून, स्क्रीन बंद करून, फक्त कीबोर्डवर त्याच्याकडून सभासद अर्ज भरून घ्या.