खोली लहान असेल तर नियम नको, गोष्ट वाढवा

बाहेर जाता येत नाही त्या दिवशी मुलांच्या गटाला आपण काय देतो? बैठे खेळ, रंगवायला कागद, नाहीतर स्क्रीन. वीस-पंचवीस मुलं एका खोलीत धावत सुटली तर कुणाचं तरी डोकं आपटेल ही भीती खरी आहे, ती मलाही वाटते. पण म्हणून मुलांना बसवून ठेवायचं हे मला अजिबात पटत नाही. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी असं सांगते. हवा खराब आहे म्हणून ती गरज कमी होत नाही.

खोलीत मुलं आवरत नाहीत, कारण आपण त्यांना नुसत्या सूचना देतो. पळू नका. ओरडू नका. ढकलू नका. त्याऐवजी त्यांना कल्पनेतलं काहीतरी करायला द्या, मुलं स्वतःच स्वतःला आवरतात. मनुइलेन्को या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञांनी शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांवर एक प्रयोग केला होता, तो 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. 'न हलता उभा राहा' एवढंच सांगितल्यावर मुलं जेवढा वेळ टिकायची, त्यापेक्षा पहारेकरी झाल्यावर कितीतरी जास्त वेळ टिकायची. शाळेतल्या मुलांबरोबरही मला हेच दिसतं. 'शांतपणे चला' म्हटलं की दोन मिनिटांत गोंधळ. 'गुहेत अस्वल झोपलंय, त्याच्या नाकासमोरून पलीकडे जायचंय' म्हटलं की सगळा गट चवड्यांवर, आणि खोकला आला तर तोंडावर हात.

माझा सगळ्यात आवडता खेळ म्हणजे न दिसणाऱ्या दोराची रस्सीखेच. व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोत, 1930च्या दशकाच्या अखेरीस, स्थलांतरितांच्या मुलांसोबत काम करताना नाट्यखेळांची जी पद्धत उभी केली, तिच्यात हा खेळ आहे. आधी दोघांनाच उभं करा. दोर जमिनीवरून उचलायचा, मुठीत धरायचा, त्याची जाडी बोटांना कळली पाहिजे. अट एकच, दोर ताणून लांब होत नाही. म्हणजे याने एक पाऊल मागे खेचलं की त्याला एक पाऊल पुढे यावंच लागतं. सुरुवातीला दोघंही मागे मागे जातात आणि बघणारी मुलंच ओरडतात, 'दोर तुटला!' मग ती एकमेकांच्या खांद्यांकडे, गुडघ्यांकडे बघायला लागतात. हळूहळू दोन्हीकडे मुलं वाढवा. हातात काहीच नसतं, तरी खेळ संपेपर्यंत सगळ्यांना दम लागलेला असतो. ढकलाढकली मात्र होत नाही, कारण समोरच्याकडे लक्ष दिल्याशिवाय हा खेळ चालतच नाही.

दुसरा, जमीन बदलण्याचा. सगळे एकदम चालायला लागतात आणि तुम्ही फक्त जमीन सांगता: गुडघाभर चिखल, निसरडा बर्फ, तापलेली वाळू. चंद्र म्हणाल तेव्हा तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश असतं हेही सांगा, म्हणजे मुलं नुसती संथ चालत नाहीत, उडी मारून जमिनीवर उशिरा टेकायची खटपट करतात. पायांना आणि पोटऱ्यांना खरा व्यायाम होतो. खेळ सुरू करण्याआधी प्रत्येकाभोवती एक मोठा फुगा आहे असं ठरवून घ्या, कुणाचाही फुगा कुणाला लागता कामा नये. आणि थांबण्याची खूण पक्की करा. एक टाळी, की सगळे स्टॅच्यू. ही खूण आधी दोन-तीनदा नुसतीच खेळून घ्या, नंतर घसा कोरडा करावा लागत नाही.

'ससा हो' असं मात्र सांगू नका. सगळी मुलं डोक्यावर दोन बोटं धरून एकसारख्या उड्या मारतात आणि अर्ध्या मिनिटात कंटाळतात. त्याऐवजी प्रसंग द्या: वर घार फिरतेय, बीळ खोलीच्या त्या टोकाला आहे, घार वळली की थिजायचं. मग प्रत्येकाचा ससा वेगळा निघतो. कुणी झेप घेतो, कुणी सरपटतो, एखादा तर शेवटपर्यंत जागचा हलत नाही, पण त्याच्या पाठीचा ताण बघा.

आउट होण्याचे खेळ मला खोलीत नकोच वाटतात. जे मूल चपळ नाही ते पहिल्या फेरीत बाद होऊन भिंतीशी बसतं, आणि हालचालीची जास्त गरज बहुतेक वेळा त्यालाच असते. संगीतखुर्ची आपण इतकी वर्षं खेळवतो, पण तिच्यात खेळणारे कमी आणि बसणारे जास्त होत जातात याचा विचार फारसा कुणी करत नाही.

लाजणाऱ्या मुलांना एकेकटं पुढे बोलावू नका. सगळे एकाच वेळी खेळत असले की बघायला कुणी उरत नाही आणि लाजही मागे पडते. व्हीलचेअरवरच्या मुलासाठी वेगळा खेळ शोधण्यापेक्षा यंत्राचा खेळ घ्या: प्रत्येकाने एक हालचाल आणि एक आवाज जोडत मोठं यंत्र बनवायचं. त्यात हात, मान, चाक, सगळ्यालाच जागा असते. मग यंत्राचा वेग वाढवा, तेल संपवा, एक भाग बिघडवा आणि तो बिघाड शेजारच्या भागात कसा पसरतो ते मुलांनाच ठरवू द्या.

दहा-अकरा वर्षांच्या पुढे फुलपाखरं आणि परी चालत नाहीत, मुलं अवघडतात. त्यांना मी अडचण देते. अवकाशयानात हवा गळतेय, बोलायला बंदी, जड दरवाजा सगळ्यांनी मिळून बंद करायचाय. किंवा क्रिकेटचा शेवटचा चेंडू पूर्ण स्लो मोशनमध्ये, झेल सुटण्यासकट. यात ती मनापासून रमतात. पण या वयासाठी असे खेळ माझ्याकडे कमी आहेत. तुम्ही मोठ्या मुलांच्या गटाबरोबर काही खेळत असाल, तर खाली नियमांसकट लिहा. किती जागा लागते आणि सुरुवात कशी करता, तेही नक्की सांगा.