सरांना सांगीन, पण सर घरातच

गोष्ट 2020 ची, कोरोनानं शाळा मोबाईलवर आणली तेव्हाची. पालकहो, 'थांब, सरांना सांगतो' हे वाक्य आधी बंद करा. सर आता डायनिंग टेबलावर, चटणीच्या बरणीला टेकून उभे असतात आणि तुमचे चिरंजीव त्यांना एका बोटानं गप्प करतात.

इतकी वर्षं काय चोख कारभार होता! शाळेत मास्तर म्हणायचे, 'घरी कळवू का?' घरी आपण म्हणायचो, 'शाळेत येऊ का?' दोन्हीकडच्या धाकावर पोरगं सरळ चालायचं, कुणालाच काही करावं लागायचं नाही. मार्च 2020 मध्ये शाळा बंद पडल्या, दोन्ही पार्ट्या एकाच खोलीत आल्या आणि पोराला कळलं, की हे दोघं एकमेकांनाच भितात.

गणवेशाचा नियम मात्र कडक पाळा. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्मुडा. पोरानं विचारलंच, तर तुमच्या ऑफिसच्या मीटिंगचा दाखला द्या.

'मोबाईल काढून घेईन' हीसुद्धा धमकी आता देऊ नका. मोबाईल काढला की शाळा बुडते आणि शाळा बुडवल्याचा ठपका तुमच्यावर.

राहता राहिलं पायताण. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते पायात घालायच्या वस्तूला. शिवाय 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शाळेत मारायलाही बंदी घालतं आणि मानसिक छळालाही. आता शाळाच स्वयंपाकघरात आली म्हटल्यावर कलम उंबऱ्याबाहेर थांबलंय का, हे एखाद्या वकिलाला विचारून घ्या. तोवर निदान माईक बंद आहे का बघत जा. आमच्या पेठेत एकजण 'पायताण बघितलंस का?' म्हणून ओरडला, ते सगळ्या वर्गानं ऐकलं. बाई शांतपणे म्हणाल्या, 'लिहून घ्या मुलांनो. पायताण, नपुंसकलिंग.'

शाहू महाराजांनी 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्याला महिना एक रुपया दंड ठेवला. दंड पोराला नव्हे, बापाला! महाराजांची माणसाची पारख पक्की होती. आता पोरगं शाळेत आहे, पण अंथरुणात आहे. याचा दंड किती आणि कुणाला, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

केंद्र सरकारनं जुलै 2020 मध्ये सांगितलं, की पहिली ते आठवीला दिवसाला फार तर दोन तासिका घ्याव्यात, 30 ते 45 मिनिटांच्या. फारच दयाळू सरकार. उरलेले साडेबावीस तास पोरगं तुमचंच.

आणि ऑनलाईन पालकसभेला फोन पोराच्याच हातात ठेवा, बटणं त्यालाच कळतात. सर विचारतील, 'घरात शिस्त कशी काय?' तुम्ही घसा खाकरून सुरुवात करा. आपल्या लहानपणीचं सांगा, वडिलांच्या नुसत्या नजरेचं सांगा. चार-पाच मिनिटं झाली की सर म्हणतील, 'आवाज येत नाही ओ.'