आत्या, सूर्य पूर्वेलाच उगवणार आहे

परवा साताऱ्याहून आत्याचा फोन आला. "अरे, उत्तर म्हणे आता दक्षिण होणार. मग डोकं कुठे करून झोपायचं?" जन्मभर 'उत्तरेला डोकं नको' पाळलेली बाई. शेजारच्या पोराला बोलावून तिने पलंगही फिरवून घेतला होता. तोच फॉरवर्ड मलाही चार ग्रुपांवर आला होता, मी बोटाने वर सरकवला होता. चूक झाली.

मजकूर असा: 'सह्याद्रीच्या लाव्हात पुरावा मिळाला! पृथ्वीचे ध्रुव काही दिवसांत उलटतात. मागे उलटले तेव्हा डायनासोर संपले. आता पुन्हा वेळ भरली आहे. सूर्य पश्चिमेला उगवेल. बचावासाठी चुंबकीय कडं घाला.' खाली कड्याचा भाव आणि फोन नंबर.

सूर्याचं आधी उरकतो. उलटतं ते चुंबकीय क्षेत्र. ते सुमारे 2,900 किलोमीटर खोल, वितळलेल्या लोखंडाच्या घुसळणीतून तयार होतं. पृथ्वी कोलांटी मारत नाही, होकायंत्राची सुई फिरते. संपलं.

आता सह्याद्री. खरा राग इथे आहे, कारण आपल्याच कातळाला खोटी साक्ष द्यायला लावली आहे. लाव्हा बाहेर पडतो तेव्हा हजार अंशांच्या वर तापलेला असतो. थिजून दगड झाल्यावरही त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या कणांना चुंबकत्व नसतं. तापमान 580 अंशांच्या खाली आलं की ते येतं आणि त्या वेळच्या क्षेत्राची दिशा दगडात पक्की होते. कण सुईसारखे गरगर फिरत नाहीत, दगड तर आधीच घट्ट झालेला असतो. पुढचा थर आला की पुढची नोंद. महाबळेश्वरचा घाट चढा: खालचे बहुतेक थर उलट्या क्षेत्रातले, माथ्याकडचे आजच्यासारख्या सुलट्या क्षेत्रातले. (1956 साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या याच कातळाचं चुंबकत्व मोजून दाखवलं की तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. फॉरवर्ड करायचंच तर हे करा.)

मग डायनासोर? ते संपले सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, आणि तो क्षण उलट्या कालखंडाच्या साधारण मध्यावर येतो. क्षेत्र उलटं झालं त्याच्या आधी तीनेक लाख वर्षं, पुन्हा सुलटं झालं ते नंतर तीनेक लाख वर्षांनी. तीन लाख वर्षं उशिरा येणारं मरण! शिवाय गेल्या 8.3 कोटी वर्षांत क्षेत्र 183 वेळा उलटलं. प्रत्येक वेळी सृष्टी संपली असती तर फॉरवर्ड करायला कोण उरलं असतं?

'काही दिवसांत' मात्र हवेतून आलेलं नाही, हे मान्य करावं लागतं. अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या स्टीन्स पर्वताच्या लाव्हात क्षेत्र दिवसाला सहा अंशांनी फिरल्याची खूण दिसते, असं रॉब को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं होतं. पण 2014 मध्ये खुद्द को यांनीच ते दगड नव्या पद्धतीने तापवून तपासले आणि दावा मागे घेतला. वरच्या थराच्या उष्णतेने खालच्या थराची नोंद बिघडली होती. शास्त्रज्ञाने आपली चूक छापून सांगितली. फॉरवर्डवाल्यांनी पहिलंच पान जपून ठेवलं. उलटायला हजारो वर्षं लागतात.

'वेळ भरली' म्हणायला वेळापत्रक लागतं. मागची उलथापालथ सुमारे 7.8 लाख वर्षांपूर्वीची. त्याआधी एकदा साडेतीन कोटींहून अधिक वर्षं काहीच झालं नव्हतं. क्षेत्र गेल्या दोनशे वर्षांत नऊएक टक्क्यांनी क्षीण झालंय, उत्तर चुंबकीय ध्रुव कॅनडाकडून सायबेरियाकडे सरकतोय. खरं आहे. असे चढउतार उलथापालथ न होताही होतात.

राहिलं कडं. पृथ्वीचं क्षेत्र आधीच इतकं दुबळं की फ्रिजवर चिकटवलेलं चुंबक जवळून त्याच्या शंभरपट भरतं. मनगटावरच्या कड्याने कुठलं क्षेत्र थोपवणार? पण आतोबांच्या छातीत पेसमेकर आहे, आणि जोरदार चुंबक छातीजवळ आलं तर त्या यंत्राचं काम बदलू शकतं. आत्याने दोन कडी मागवली होती. एक तिला, एक त्यांना. फोनवरच ऑर्डर रद्द करायला लावली. पलंग रविवारी जाऊन फिरवतो.