हसवणारा वायू आणि टनामागे 300 किलो

नायलॉन-66 साठी लागणारे ॲडिपिक आम्ल तयार करताना काहीच जळत नाही, बाहेर पडतो तो दंतवैद्य वापरतात तोच निरुपद्रवी ‘हसवणारा वायू’ (नायट्रस ऑक्साइड), हवेत त्याचे प्रमाण नगण्य आहे आणि त्यामुळे होणाऱ्या तापमानवाढीत खरा दोष शेतीचा आहे, असे सांगणारा मजकूर सध्या फिरतो आहे. माझ्या अकरावीतल्या भाचीने तो पर्यावरण प्रकल्पाच्या वहीत जसाच्या तसा उतरवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

काही जळण्याची इथे गरजच नाही. सायक्लोहेक्झॅनॉल व सायक्लोहेक्झॅनोन यांच्या मिश्रणाचे नायट्रिक आम्लाने ऑक्सिडीकरण होताना नायट्रस ऑक्साइड अभिक्रियेतूनच निघतो. ढोबळमानाने आम्लाच्या एका रेणूमागे वायूचा एक रेणू. रेणुभार अनुक्रमे 146 आणि 44 आहेत. भाचीनेच भागाकार केला, तर टनभर आम्लामागे सुमारे 300 किलो वायू निघाला, आणि आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक संस्थेच्या 2006 च्या मार्गदर्शक तत्त्वांत नियंत्रण नसलेल्या कारखान्यासाठी हाच आकडा दिलेला आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापमानवाढ घडवतो, असे त्याच संस्थेचा सहावा अहवाल सांगतो. म्हणजे एक टन आम्लामागे जवळजवळ 82 टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे झाले.

दंतवैद्याचा दाखला तर हास्यास्पदच आहे. सोडावॉटरमधला कार्बन डायऑक्साइड आपण हौसेने पितो, म्हणून तो हवा तापवत नाही असे कोणी म्हणत नाही. नायट्रस ऑक्साइड वातावरणात शंभराहून अधिक वर्षे टिकतो आणि स्थितांबरात पोहोचल्यावर ओझोनचाही ऱ्हास करतो. रुग्णाला त्याचा त्रास होतो की नाही, हा प्रश्नच वेगळा.

‘नगण्य’ प्रमाण औद्योगिक युगापूर्वी अब्जात 270 भाग होते, आज ते 335 च्या वर आहे.

शेतीचे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते: मानवनिर्मित नायट्रस ऑक्साइडचा सर्वांत मोठा स्रोत तीच आहे. पण लाखो शेतांवर झाकण घालता येत नाही, कारखान्याचा वायू एकाच नळातून येतो. थीमेन्स व ट्रॉगलर या संशोधकांनी 1991 मध्ये नायलॉन उद्योगाकडे बोट दाखवले, त्यानंतर त्याच दशकात मोठ्या उत्पादकांनी उत्प्रेरकाने किंवा उष्णतेने या वायूचे नायट्रोजन व ऑक्सिजन करणारी यंत्रणा बसवली आणि ती नव्वद टक्क्यांहून अधिक वायू नष्ट करू शकते. ही यंत्रणा जिथे नाही, किंवा असूनही बंद आहे, तिथे टनामागे 300 किलोंचाच हिशेब लागू होतो.