दांडा घट्ट आहे

आमच्या बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या आउटबोर्ड इंजिनाचा, पुढे स्टिअरिंगजवळ असलेला दांडा घट्ट झाला. म्हणजे गिअर पडायचा, पण त्यापुढे वेगासाठी थ्रॉटल वाढवायला गेलं की दांडा जो अडून बसायचा, तो दोन हातांनी ढकलल्याशिवाय हलायचा नाही. मेकॅनिकला फोन केला. "केबल बघावी लागेल, साहेब," म्हणाला, आणि येण्याचे, उघडण्याचे, केबलींचे नि बसवण्याचे असे चार आकडे सांगितले. तिसऱ्या आकड्यापर्यंत मी साधा गिऱ्हाईक होतो. चौथ्याला मी इंजिनिअर झालो.

"अहो, बोलवा ना त्याला," बायको म्हणाली. "मागच्या वेळी नळ दुरुस्त केलात, तेव्हा..."

नळाचा इथे काही संबंध नव्हता.

केबल म्हणजे असून असून काय असणार? प्लॅस्टिकची नळी आणि तिच्या पोटात पोलादी तार. स्कूटरच्या ब्रेकची केबल नुसती ओढते, ही ढकलतेही, एवढाच फरक. अशा दोन असतात, एक गिअरची आणि एक थ्रॉटलची. दांडा मधल्या न्यूट्रलपासून साधारण 30 अंश सरकला की गिअर पडतो आणि पुढचा सगळा प्रवास थ्रॉटलचा. एकाच दांड्यावर दोन केबली नांदतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला यात अवघड काय?

ओले एव्हिनरूडने 1909 साली आपलं आउटबोर्ड बाजारात आणलं, तेव्हा ही भानगडच नव्हती. माणूस इंजिनाला खेटून बसायचा आणि हातानेच सगळं करायचा. पुढे कुणाला तरी वाटलं, आपण गाडीसारखं ऐटीत पुढे बसावं आणि इंजिनाने मागे राबावं. त्या ऐटीचं भाडं म्हणजे या केबली.

माझी पहिली चूक टेपने केली. केबल फुटांवर मिळते, दोन्ही टोकं कारखान्यातूनच बसवून येतात, त्यामुळे कापून लहान करता येत नाही. जुन्या केबलीच्या आवरणावर लांबी छापलेली असते, पण आमची पुसली होती. मी स्टिअरिंगपासून इंजिनापर्यंत टेप ताणून धरला. 12 फूट. ऐटीत 12 फुटी जोडी मागवली. केबल मात्र टेपसारखी हवेतून जात नाही. ती आधी खाली उतरते, मग कडेच्या पोकळीतून मागे जाते आणि इंजिनाशी एक सैलसा वेढा घेते, कारण इंजिनाला डावी-उजवीकडे वळायचं असतं, वर उचलायचं असतं. माझी जोडी इंजिन नाकासमोर बघत असेपर्यंत पुरली. ते जरा डावीकडे वळलं की केबल वीणेच्या तारेसारखी ताणायची. दुसरी जोडी 15 फुटी आणली. पहिली घरात कुठे ठेवली आहे, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मदतीला भाचा होता, वय वर्षं चौदा. त्याने काम सुरू होतानाच एक प्रश्न विचारला. दांडा ज्यावर बसतो त्या कंट्रोल बॉक्समधून दोन्ही केबली सोडवल्या होत्या आणि तो सहज दांडा पुढेमागे करून बघत होता.

"मामा, केबली तर काढल्या. मग हा अजून घट्ट कसा?"

"सवय असते वस्तूंना," मी म्हणालो. "तू पाना दे."

जुनी केबल काढताना तिच्या टोकाला दोरी बांधून ओढायची असते. केबल बाहेर आली की दोरी मागे उरते आणि त्याच दोरीला नवी बांधून उलट ओढली की ती आपोआप जागेवर जाते. ही युक्ती मला ठाऊक होती. गाठ मारणं ठाऊक नव्हतं. अर्ध्या वाटेत दोरी सुटली आणि पुढचे दोन तास मी डॅशबोर्डखाली पालथा पडून, गाल ओल्या फरशीला लावून, दातात टॉर्च धरून एका वाकवलेल्या तारेने पोकळीत चाचपडत होतो. दातात टॉर्च असताना लाळ गळते. मेकॅनिकच्या चौथ्या आकड्यात ही लाळ धरलेली असते, हे मला तेव्हा कळलं. त्यात केबलीला काटकोनात मुरडून चालत नाही. वळण साधारण 8 इंच त्रिज्येपेक्षा घट्ट झालं की आतली तार घासायला लागते. आमच्या बोटीत 8 इंचांची मोकळी जागा एकच होती, आणि तिथे माझं डोकं होतं.

मग स्प्लिट पिन. केबलीचं टोक निसटू नये म्हणून घालायची नखाएवढी वस्तू. बोटातून सुटली, एकदा टिंग वाजली आणि तळातल्या काळ्या पाण्यात गेली. अर्धा तास शोधल्यावर पिन सापडली, पण कुठली तरी दुसरीच.

खरी परीक्षा पुढे होती. केबलीच्या टोकाला आट्यांवर फिरणारा एक धातूचा ठोकळा असतो, तो फिरवून लांबी जुळवायची आणि इंजिनाच्या खाचेत बसवायचा. दांडा न्यूट्रलला असताना बोट ढकलणारा इंजिनाचा पंखा दोन्हीकडे मोकळा फिरला पाहिजे. पुढचा गिअर पडला की एका बाजूला अडला पाहिजे आणि दुसऱ्या बाजूला कटकट वाजत फिरला पाहिजे. किल्ली खिशात घातली, इंजिन बंद करायच्या स्विचची दोरी काढली, भाच्याला मागे पंख्याशी उभं केलं.

"न्यूट्रल!" मी पुढून ओरडलो.

"अडतोय!"

दोन आटे फिरवले. "न्यूट्रल!"

"आता दुसऱ्या बाजूला अडतोय!" मग थोडा थांबून, "मामा, हा न्यूट्रल तुमचा की इंजिनाचा?"

अकराव्या खेपेला दोघांचा न्यूट्रल एक झाला. थ्रॉटलची केबल त्या मानाने गुणाची निघाली. दांडा मागे घेतला की इंजिनावरचा थ्रॉटल पूर्ण मिटतो ना, एवढं बघितलं आणि नट कसला. हात पुसले, बायकोला मुद्दाम बोलावलं आणि राजासारखा दांडा पुढे ढकलला.

गिअर पडला. त्यापुढे दांडा हलेना.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. इंजिनाकडे गेलाच नाही. दांडा एकदा हलवला, बॉक्सच्या बाजूची छोटी टोपी काढली, आतल्या एका स्क्रूला स्क्रू ड्रायव्हर लावून अर्धा फेरा उलटा दिला. दांडा करंगळीने चालायला लागला.

"थ्रॉटल चालताना आपोआप मागे येऊ नये म्हणून असतो हा," तो म्हणाला. "फ्रिक्शनचा. कोणी एवढा आवळला?"

मागच्या हंगामात तो मला जरा सैल वाटला होता. भाचा माझ्याकडे बघत होता. मी पाण्याकडे बघत होतो.

मग त्याने कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली जुनी केबल उचलली, टोक धरून आतली तार मागेपुढे केली. सर्रकन गेली, सर्रकन आली.

"चांगली आहे की. कशाला काढली?" आणि नव्या केबलींवरून नजर फिरवून, "बसवल्यात मात्र बऱ्या. कोणी बसवल्या?"

"मी," मी म्हणालो.

त्याने फक्त येण्याचे पैसे घेतले. स्क्रूचे नकोत म्हणाला.