वाड्याच्या दारांचा जुना रंग घासायच्या कामाला दोन स्टार मिळाले, त्यावर आमचं उत्तर

नमस्कार भाऊ. तुम्ही लिहिलं की चार दिवसाचं काम नऊ दिवस चाललं, मशीन असून पोट्टे हातानं घासत बसले, गरोदर सुनेला अन नातवाला माहेरी पाठवायला लावलं, झाकायच्या प्लास्टिकचे पैसे वेगळे लावले अन जुन्या खिडकीची लाकडंही जाळू दिली नाही. वाचून वाईट वाटलं. प्लास्टिकचं तुमचं बरोबर आहे, ते आधी सांगायला पाहिजे होतं, चूक आमची, ते बाराशे रुपये बिलातून कमी करतो. बाकी सगळं मात्र मी पुन्हा तसंच करीन, काहून ते सांगतो.

भिंतींचं टेन्शन नव्हतं, तिथं चुनाच आहे. भीती सागाच्या दारांची होती. त्यावर तुमच्या आजोबांपासूनचा हिरवा, पिवळा ऑइल पेंट एकावर एक चढलेला, एका कोपऱ्यात खरवडलं तर सहा थर निघाले. लवकर वाळावा, रंग उठून दिसावा म्हणून अशा पेंटात शिसं टाकत, पिवळ्या-नारिंगीत तर जास्तच. घरच्या रंगात १० लाख भागांत ९० भागांच्या वर शिसं नको हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याच्या आधीच्या डब्यात किती होतं ते डोळ्यानं कळत नाही, म्हणून जुना ऑइल पेंट दिसला की मी शिसं आहे असंच धरतो.

रंग दारावर घट्ट आहे तोवर ठीक. कोरडी मशीन फिरवली की पिठासारखी धूळ उडते, ओसरीवर, गोधडीवर, माठावर बसते अन रांगतं लेकरू तेच हात तोंडात घालते. लहान लेकराच्या अंगात शिसं मोठ्यापेक्षा जास्त मुरतं, मेंदूवर जातं, रक्त कमी होतं, अन आईच्या रक्तातून पोटातल्या बाळालाही पोचतं. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की रक्तात एवढं शिसं चालतं अशी सुरक्षित पातळीच नाही, मग सुनबाईला तिथं कसं राहू द्यायचं? म्हणून पाणी मारून वॉटर पेपरनं, म्हणजे ओला चालतो त्या घासायच्या कागदानं घासलं, रोज संध्याकाळी झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसलं, दिवस त्यातच गेले.

अन ती खिडकीची लाकडं. तुमच्याकडे अंघोळीचं पाणी चुलीवर तापते, त्याच राखेनं भांडी घासताना मी पाहिलं. रंगाचं लाकूड चुलीत गेलं की शिसं धुरात जाते, उरलेलं राखेत राहते, मग तेच ताटात. म्हणून पोत्यात बांधून नेलं, विकायला नाही नेलं.

मी चौदा वर्षांचा असताना उस्तादाच्या हाताखाली ब्लो लॅम्पनं, म्हणजे जाळ फेकणाऱ्या दिव्यानं रंग जाळायचो, तोंडाला नुसता रुमाल, अन तसल्याच हातानं भाकर खायचो. उस्तादांचं पोट सारखं दुखायचं, अशक्तपणा जात नव्हता, कोणी गॅस म्हणे कोणी काही, शेवटी नागपूरला रक्त तपासलं तर शिसं निघालं. तेव्हापासून माझ्या कामावर ब्लो लॅम्प बंद आहे.

मागचं दार तुम्ही स्वतःच घासणार म्हणाले होते. भाऊ, त्याला मशीन लावू नका, नातू परत आला असेल. मी पोऱ्याला वॉटर पेपर अन प्लास्टिक देऊन पाठवतो, त्या दाराची मजुरी नको.